दोन बेडकांची साक्ष

“दोघं बोलले की मी बोलणार,” असे म्हणून ते उजव्या हाताची दोन बोटे वर करीत आणि समोरच्याला बाकावर बसण्याची खूण करीत. हे दोघे म्हणजे दोन बेडूक होत.

कोपरीतील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका डॉक्टरांची रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा होती. डॉक्टर संध्याकाळी येऊन सह्या करीत. दिवसभराचे काम दोन बोटे वर करणारे हे तंत्रज्ञ गृहस्थ एकटे पाहत. मी वर राहत असे आणि एका वकिलांकडे कारकून होतो. मागच्या मोरीशेजारी त्यांनी बेडूक ठेवलेल्या हौदातून रोज उठणारे डरांव डरांव मी सहा महिने सहन केले. मग नगरपालिकेस अर्ज केला. उत्तर आले नाही, म्हणून दोन स्मरणपत्रे केली. निरीक्षक आले, खाली चहा प्याले आणि गेले. मी निरीक्षकांविरुद्धही अर्ज केला.

त्यानंतर हे गृहस्थ अर्जाची प्रत घेऊन वर आले. मला वाटले, भांडण होणार.

“साहेब, यात एक चूक आहे. तुम्ही ‘बेडक्या’ लिहिलंय. आपल्याकडे सगळे नर. मादी या कामाला चालत नाही.”

चूक ती चूक. मी त्याच दिवशी नगरपालिकेस शुद्धिपत्र पाठवले.

ते काम आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. दिवस राहिल्याची शंका असलेल्या स्त्रीची लघवी सुईने नर बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली सोडायची. ती खरोखर गरोदर असेल, तर दोन-तीन तासांत बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हलताना दिसतात. सुई देण्याआधी बेडूक कोरा आहे ना, म्हणजे त्याच्या लघवीत आधीच शुक्रजंतू नाहीत ना, हे ते काचपट्टीवर पाहून घेत. एक बेडूक पुरे, असे डॉक्टर म्हणत. हे दोन घेत. दोघांचे जमले नाही, तर तिसरा.

“पुराव्याच्या कायद्यात साक्षीदारांची संख्या ठरवून दिलेली नाही,” मी एकदा त्यांना सुनावले. “एक विश्वसनीय साक्षीदार पुरतो.”

“कायद्याला कुठे मूल व्हायचंय, साहेब!”

मी कलम पुन्हा तपासायला वर गेलो.

एके दिवशी दुपारी कोलशेतच्या एका कारखान्यातला पर्यवेक्षक खाली आला. मी रजेवर होतो आणि तक्रारीस आणखी पुरावा मिळावा या हेतूने जिन्यात उभा होतो. सकाळी त्यानेच लघवीची एक बाटली आणून दिली होती. पॅकिंग खात्यातल्या एका बाईची कायम होण्याची वेळ आली होती. तब्येतीची तपासणी, एवढेच तिला सांगितले होते. गरोदर निघाली तर तिला कायम न करता घरी पाठवायचे, हे पर्यवेक्षक हसत हसत बोलूनही गेला.

“बोलले का तुमचे बेडूक?”

“बोलले.”

“मग द्या रिपोर्ट.”

“जिची बाटली, तिला देणार.”

“अहो, बाटली मी आणली!”

“बाटली तुम्ही आणलीत. आतलं तिचं आहे.”

“संध्याकाळी डॉक्टरांना सांगतो. उद्यापासून घरी बसशील, बेडकासारखा!”

तो गेल्यावर ते जिना चढून माझ्यासमोर उभे राहिले.

“साहेब, तुमच्या हाताला रागाने लिहायची सवय आहे. आज एक पत्र माझ्या बाजूने लिहा.”

मी डॉक्टरांच्या नावे लिहिले. गरोदर आहे म्हणून स्त्रीला काढून टाकून तिचा प्रसूतीचा हक्क बुडवता येत नाही, हे कायद्यात तेव्हाही होते. तिला अंधारात ठेवून तिच्या शरीराची बातमी मालकास देणाऱ्या डॉक्टरांनी या अन्यायात स्वतःला भागीदार समजावे, असे मी शेवटी घातले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले.

“हे कोणी लिहिलं?”

“वरच्या साहेबांनी.”

“बेडकांवर तक्रार करणारे?”

“तेच.”

डॉक्टर मोठ्याने हसले आणि त्यांनी कारखान्यास निरोप धाडला: बाईंनी स्वतः यावे.

दुसऱ्या दिवशी कामाची पाळी संपवून ती आली. त्यांनी तिला बाकावर बसवले, दोन बोटे वर केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “दोघंही हो म्हणाले, ताई. आता कुणाला आणि कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा.”

तिने आधी एकच विचारले.

“कारखान्यात सांगितलं?”

“नाही.”

“मग कागद मला द्या. मीच नेते. पण सोबत रजेचा अर्ज पायजे.”

तो अर्ज मी लिहिला. पुढे चार पत्रे लागली. पण ती कामावर राहिली आणि तिला रजाही मिळाली. कारखान्याच्या बाटल्या मात्र बंद झाल्या. त्याबद्दल खाली कुणी मला कधी दोष दिला नाही. मीही हौदाविरुद्धचा अर्ज मागे घेतला. तशी पोच मात्र नगरपालिकेकडून आजतागायत आलेली नाही.

पुढे या तपासणीसाठी तयार रसायने आली. शेवटचे आठ बेडूक बादलीत घालून ते गृहस्थ दिवा गावच्या भातखाचरांत सोडून आले. “पेन्शनीत निघाले,” म्हणाले. काही वर्षांनी तेही कोपरी सोडून गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचे मला फार उशिरा कळले. जिथे स्मरणपत्र धाडता येईल, असा त्यांचा पत्ता आता माझ्याकडे नाही.

परवा डोंबिवलीला नातवाकडे होतो. नातसून औषधाच्या दुकानातली तपासणीची पट्टी घेऊन न्हाणीघरात गेली. दोन रेषा उमटल्या तर हो, असे म्हणे. आमच्या सौभाग्यवतींनी दारावर थाप मारली. “काय गं, काय आलं?”

“आजी, आधी मला तर बघू द्या!”

सौभाग्यवतींनी पुन्हा हात उचलला. मी त्यांना बाकड्यावर बसण्याची खूण केली. माझी दोन बोटे वर गेली होती, हे माझ्या नंतर लक्षात आले.