कांडपाचा ठसका

इंजिनिअरिंगला असताना आम्हा चौघांच्या गटाला कॉलेजनं काम दिलं होतं: शहरातल्या कुणाची तरी खरी अडचण शोधा आणि ती सोडवून दाखवा. बाकीच्या गटांनी ॲप बनवायला घेतलं. आम्ही शहराच्या कडेला, बेसाला मिरची कांडपाच्या खोलीत गेलो आणि दारातच शिंकायला लागलो.

खोली एका महिला बचत गटाची. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आता भिंतीला लागून फ्लॅट झाले होते, आणि मिरचीच्या खकाण्यानं तिथल्या लोकांना खिडकी उघडता येत नव्हती. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगून टाकलं होतं, दिवाळीच्या आत बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही तक्रार करू.

"त्यायचंही काही चुकत नाही," बचत गटाच्या अध्यक्ष काकू मला म्हणाल्या. "पण आमी कुठं जाव? तूच सांग वं पोरी."

"कुठंच जायचं नाही, काकू."

माझ्या मित्रांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. उपाय कुणालाच सुचला नव्हता. पण सुचेल, याबद्दल मला शंका नव्हती.

आधी आम्ही यंत्राभोवती बंद पेटी बसवली, धूळ ओढायला पंखा लावला आणि त्याच्या तोंडाला कापडी पिशवी बांधली. जरा वेळ छान चाललं. मग पिशवीची भोकं बुजली, ती टम्म फुगली आणि शिवणीत फाटली. आम्ही सगळे रस्त्यावर पळालो. काकू पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "आता त आख्खं बेसा खोकलून राहिलं गा!"

खोकताखोकताच मला आमच्या गावची, कुहीची राइस मिल आठवली. तिच्या छपरावर पत्र्याचा मोठा शंकू आहे, टोक खाली केलेला. धुळीची हवा त्यात गरगर फिरते, धूळ कडेनं घसरून खाली पडते आणि हवा वरून निघून जाते. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. मी तिथंच, फुटपाथवर खडूनं त्याचं चित्र काढलं.

शंकूचं माप किती ठेवायचं यावरून मी आणि पंख्याच्या मोटारीचं काम पाहणारा मित्र कडाकडा भांडलो. त्याचा हिशेब बरोबर निघाला. वेल्डिंगच्या दुकानात उभं राहून आम्ही शंकू करून घेतला, पेटीला जोडला आणि सेक्रेटरींना बोलावलं.

ते नाकाला रुमाल लावूनच आले. दारात बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मशीन चालू आहे, ठीक आहे. आता मिरची टाका, मग पाहू."

"मघापासून मिरचीच कांडून राहिलो, भाऊ," काकू म्हणाल्या आणि शंकूखालचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला. आत लालभडक पूड साचली होती.

त्यांनी रुमाल हळूच बाजूला केला. बेतानं श्वास घेतला, मग छाती भरून घेतला.

"कुणी बनवलं हे?"

"आम्ही," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग आपल्या गावचं कांडप काहून सोडलं? सुट्टीत ये अन् तेही कर."

सुट्टीत गेले आणि केलं.