डाव्या खांद्याची चांदमारी

चार बायका पाण्याच्या लाईनीत उभ्या राहिल्या तरी दिवस मावळेपर्यंत टोपलंभर किस्से जमतात. आमच्या हातात तर सरकारनं बंदुका दिल्या होत्या! लातूर नवा जिल्हा झाला, हापिसांच्या पाट्या रंगवून झाल्या, अन् विहिरींनी तळ दाखवला. त्याच साली बायकांचं पथक काढलं, त्यात मी होते. काम काय, तर टँकरवर लाईन लावायची, अन् वर्षातून एकदा चांदमारी. म्हणजे मैदानात पालथं पडून फळीवर गोळ्या मारायच्या. मला अक्षर येत नव्हतं, नेम येत होता. कमरेला पथकाचा पट्टा आला, तसा गावातला माणूस 'ए गया' सोडून 'अहो गयाबाई' म्हणायला लागला. त्या 'अहो'साठी मी पुढचं सगळं सोसलं.

* * *

एक दिवस टँकर आला, तर एका बागायतदाराच्या गड्याला तो आधी मोसंबीला न्यायचा होता. बायका घागरी घेऊन उन्हात, अन् पाणी झाडाला! मी पुढं झाले. त्यानं नळी हिसकली, तिचं पितळी तोंड गर्रकन फिरलं अन् माझ्या उजव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. पथकाचे साहेब बघायला आले. मला वाटलं, आता गड्याला धरतील. साहेब मलाच म्हणाले, "मध्ये कशाला पडलात?"

अहो, मध्ये पडायलाच तर नेमली होती मला.

* * *

हाड जुळलं, पण वर सुपारीएवढी गाठ राहिली. डॉक्टर म्हणाला, बंदूक विसरा, तिचा दणका तुम्हाला सोसायचा नाही. मी विचारलं, घागर उचलू का?

"घरकामाला काही हरकत नाही."

भरलेली घागर आमच्या थ्री नॉट थ्री बंदुकीपेक्षा लई जड. त्यानं आयुष्यात कधी उचलली असती तर समजलं असतं.

* * *

साहेबांचा निरोप आला, चांदमारीत जी गोळी मारणार नाही तिचा पट्टा जमा. झालं, मी सरावाला गेले.

माझी जोडीदारीण सुशीला. नायगावची लेक, लातुरात दिलेली, तिला प्रत्येक गोष्टीवर तोडगा ठाऊक. ती म्हणाली, "गयाक्का, चुंबळ ठेव खांद्यावर. डोक्यावरचा भार सोसती, दणका सोसणार न्हाई व्हय?"

ठेवली चुंबळ झंपराच्या आत. गोळी सुटली, गोल चुंबळीवरून बंदुकीचा दस्ता सटकला अन् माझ्या जबड्यावर बसला. गाल भोपळ्यासारखा. घरी आले तर सासू म्हणाली, "बरं झालं, चार दिस तोंड तरी बंद राहील."

शिकवणारे उस्ताद लोह्याकडचे. ते म्हणाले, बंदूक सैल धरली की मारते, खांद्यात गच्च ओढून धरा.

सुशीला म्हणाली, "मंग आमच्या मालकासारखीच हाय की."

* * *

मी गच्च धरून राहिले. तरी गोळी भलतीकडंच. उस्तादांनी न सांगता माझ्या बंदुकीत रिकामं काडतूस घातलं. मी डोळा लावला, घोडा दाबला. नुसतं टक् झालं, अन् मी हिसका खाऊन डोळे मिटून मोकळी!

"गयाबाई, बंदूक गप हाय. तुम्हीच उडून राहिल्या."

अख्खी लाईन हसली. दणका बसायच्या आधीच अंग भीत होतं. त्या दिवशी मला गड्याचा राग आला नाही, साहेबांचा आला नाही, माझ्याच अंगाचा आला. घरी जाऊन मी भाकरी अशी थापली की परातीला पोचा पडला.

* * *

भीती त्या गाठीत होती. दस्ता नेमका तिच्यावरच बसायचा. मग मी बंदूक डाव्या खांद्याला लावली. हात उलटा फिरवावा लागायचा, पण अंग भीत नव्हतं. उस्तादांनी बघितलं अन् दुसरीकडं तोंड केलं.

चांदमारीच्या दिवशी साहेब खुर्ची टाकून बसले. पहिल्या लाईनीत मी. उजव्या खांद्यानं मारणाऱ्या बाकीच्यांचे पाय डावीकडं, माझे एकटीचे उजवीकडं. सगळ्या गोळ्या फळीवर लागल्या. फळीवरच्या चांदाची चाळणी!

साहेब उठले. "चुकीच्या खांद्यानं मारलंय. हे मोजता येणार नाही. पट्टा काढा."

मी म्हणाले, "साहेब, हाड मोडलं तो खांदा बरोबर होता का?"

त्यांनी नुसता हात पुढं केला, पट्ट्यासाठी.

तेवढ्यात दुसरी लाईन आली. म्होरं सुशीला. कोणी कोणाकडं बघितलं नाही. सगळ्या पालथ्या पडल्या, सगळ्यांचे पाय उजवीकडं, अन् सगळ्यांच्या बंदुका डाव्या खांद्याला. जन्मात एकीनंही डाव्यानं मारली नव्हती. गोळ्या सुटल्या. एकीचीही फळीला लागली नाही, मागच्या टेकडीचा मुरूम तेवढा उडत राहिला.

धूळ बसली. उस्ताद साहेबांच्या खुर्चीजवळ गेले, सलाम ठोकला अन् म्हणाले,

"साहेब, पट्टे कोणाकोणाचे काढू?"