फाटकापाशी नावं वाचणारी निशिगंधा

मी स्वभावानेच संशयी. भाजीवाल्याने न मागता कढीपत्ता दिला तरी मी आतली भाजी उलटीपालटी करून बघते. त्यामुळे तळमजल्यावरच्या निशिगंधाने सोसायटीच्या फाटकापाशी टेबल मांडून मेणबत्त्या लावल्या, तेव्हा पहिली शंका मलाच आली.

निशिगंधा चाळिशीतली, लहानपणापासून व्हीलचेअरवर. बोलते, पण एकेक शब्द अडखळत बाहेर येतो. ऐकणाऱ्याला धीर नसला की तो तिचं वाक्य स्वतःच पुरं करतो, आणि मग ही बया तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घरी बसून मालिकांची सबटायटल्स टाइप करते आणि कुणाच्या मिंधेपणात राहत नाही. आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीत आम्ही बहुतेक सगळे मुंबईहून आलेले. दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही असं म्हणतो आणि लिफ्टमध्ये दुसरं काहीच बोलत नाही.

टेबल बघून सेक्रेटरी गुणवंत शिर्के खाली आले.

"निशिगंधा, हे काय चाललंय? डोनेशन-बिनेशन नाय ना?"

"अपंग माणसं," ती म्हणाली. "घरच्यांनीच मारलेली. एक मार्चला त्यांची... नावं वाचतात. बऱ्याच देशांत."

"घरचे कशाला मारतील गं?" मी विचारलं. हिचा कुणावर तरी डूख असणार, अशी माझी खात्रीच होती.

"पेपरात येतं ना काकू, मुलाच्या आजारपणाला कंटाळून. कंटाळलं कोण? मारणारा. हळहळ कुणाची? त्याचीच."

मी शेवटच्या नावापर्यंत तिथेच थांबले. पुढच्या वर्षापासून मी तिच्या टेबलाशी उभी राहायला लागले. तिचा एक नियम होता. गुन्हा कबूल झालेला किंवा कोर्टात ठरलेला असेल, तरच नाव घ्यायचं. नुसत्या संशयावर कुणाच्या घराला हात लावायचा नाही.

या जानेवारीत आमच्याच सी विंगमधला पराग गेला. अंबिकाचा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. तो बोलत नसे. नवरा मस्कतला, त्यामुळे त्याचं सगळं अंबिका एकटीच बघायची. पराग संध्याकाळी निशिगंधाच्या खिडकीपाशी यायचा. ती लॅपटॉप त्याच्याकडे वळवायची. अक्षरं उमटताना तो टक लावून बघायचा, आणि तिने ती खोडली की खदखदून हसायचा.

त्या सकाळी सोसायटीच्या फळ्यावर लिहिलेलं होतं, 'सौ. अंबिका यांच्या मुलाचे दुःखद निधन. अंत्यविधी झाला आहे.' मुलाचं नावच नाही! लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला ते चुकल्यासारखं वाटलं नाही. लिफ्टमध्ये जो तो म्हणत होता, "सुटला बिचारा. आईपण सुटली." शोकसभेतही सगळी भाषणं अंबिकाच्या त्यागावर झाली.

"झोपेत फिट आली म्हणे," मी निशिगंधाला सांगितलं.

"त्याला फिट येत नव्हती, काकू. कधीच."

इमारत उठायच्या आत सगळं उरकलं, ते का? मृत्यूचं सर्टिफिकेट देणारा डॉक्टर आमच्या भागातला नव्हता, तो कुठून आला? निशिगंधाने पोलिसांना फोन केला. ते आले, कागद बघितले, अंबिकाकडचा चहा प्यायले आणि गेले. मी मात्र तेव्हापासून अंबिकाशी जिन्यात बोलताना तिच्या हातांकडेच बघत राहायचे.

एक मार्चच्या दुपारी गुणवंत निशिगंधाच्या दारात आले. "त्या पोराचं नाव घ्यायचं नाय हां. बदनामीची केस झाली तर सोसायटी गोत्यात येईल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "तू घेच. बघते कोण काय करतं ते."

"नाही काकू. पुरावा नाही." तिचे डोळे रागाने भरून आले होते. "पण नाही घेतलं तर... तो असाच जाईल. कुणी मारलंच नाही, असा."

संध्याकाळी तिने नावं वाचायला घेतली. अर्ध्या वाचनात अंबिका खाली आली आणि पार्किंगच्या खांबाला टेकून उभी राहिली. गुणवंत तर भांडण सोडवायच्या तयारीनेच पुढे सरकले. शेवटचं नाव होईपर्यंत तिने सगळं ऐकलं.

"संपली?" तिने विचारलं.

"हो," निशिगंधा म्हणाली.

"पराग राहिला."

गुणवंत घाईने मध्ये पडले. "दुःखात काहीही बोलतेय. हिला वर न्या रे कुणीतरी."

"मीच," अंबिका म्हणाली. "उशीने." आणि मटकन खाली बसली.

मग एकच धावपळ झाली. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागलं. "किती सोसलंस गं," बायका रडत म्हणत होत्या. निशिगंधाने मला पोलिसांना फोन लावायला सांगितलं. मी लावला.

मग निशिगंधाने एक मेणबत्ती पेटवली. "पराग," ती म्हणाली. "वय... एकोणीस."

सगळी सोसायटी अंबिकाभोवती होती. टेबलाशी आम्ही दोघीच होतो.