नंदीचे मागचे पाय

सरकीच्या पोत्याचा वास आला की मला परभणीतली एक धुळवड आठवते. निजामाच्या काळात त्या दिवशी सोंगांची शर्यत लागायची, ठेसनापासून मारुतीच्या देवळापर्यंत. दोघांनी पोती शिवून केलेल्या एकाच झुलीत शिरायचं, नंदी व्हायचं आणि पळायचं. पोरींना त्यात घेत नसत. त्या वर्षी भावाच्या जोडीदाराला ताप आला, म्हणून त्यानं गुपचूप मला मागं घेतलं. "तोंड उघडू नको, न्हाई तर माय दोघांनाबी सोलून काढंल," तो म्हणाला. आत अंधार होता, दातांत धूळ कचकचत होती आणि मी त्याची कंबर घट्ट धरली होती. बाहेर कुणीतरी ओरडलं, "लय पळायलाय रे ह्यो नंदी!" आम्ही पहिले आलो. भाऊ एकटाच बाहेर निघाला. लोकांनी विचारलं, "मागचा कुठाय?" "दमलाय, पडू द्या त्याला," भाऊ म्हणाला. भावाला खांद्यावर घेऊन सगळे गेले. हलगी ऐकू येईनाशी होईपर्यंत मी झुलीखालीच पडून राहिले, मग एकटी घरी आले. भाऊ जन्मभर ती शर्यत रंगवून सांगायचा आणि जोडीदाराचंच नाव घ्यायचा. गेल्या साली तो वारला. आता खरं सांगायला कुणाची भीती नाही, पण ती शर्यत पाहिलेलं माणूसही उरलं नाही.