सत्काराच्या शाली

अप्पांच्या शोकसभेत माझ्या शेजारी नगरपालिकेकडे रस्ते झाडणारी एक बाई बसली होती. अंगावर जरीकाठाची, सत्कारात देतात तसली शाल. माझी नजर पाहून म्हणाली, "अप्पांनी दिलीय. झाडताना थंडी वाजते ना! दिल्लीहून आले की शालींचं गाठोडंच आमच्या वस्तीत आणून टाकायचे."

नगरसेवक होते तेव्हापासून खासदार होईपर्यंत अप्पांनी एकही सत्कार नाकारला नाही. या हावरेपणावर मी चारचौघांत किती हसलो! पुढे त्यांच्याकडे जाणंही सोडलं. शाली जातात कुठे, हे मात्र कधी विचारलं नाही. माणूस आपल्याला कळला, असं ठरवून टाकणं फार सोपं असतं.

"मास्तर, पुढं जाऊन बसा की," ती म्हणाली. "तुम्ही तर अप्पांचे जुने दोस्त."

मी जागचा हललो नाही.