न केलेल्या अपराधाची क्षमा

आमच्या घरात एक गोष्ट मुलांना कौतुकाने सांगितली जाते. कंपनीतल्या एका माणसाने वडिलांवर खोटा आळ घेतला आणि वडिलांनी त्याला भरसभेत क्षमा केली. ते वडील म्हणजे मी. ती गोष्ट मी घरात आजवर खोडली नाही. आता पन्नाशी उलटली. आज खोडतो.

आणीबाणीच्या आधीची दोनेक वर्षं. पिंपरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो. नाव मोठं, काम एवढंच: लेथवर तयार झालेल्या बुशच्या भोकात पोलादी गेज घालून माप बरोबर आहे का बघायचं. गेज हातातून पडलं तर लगेच सांगायचं आणि तपासायला पाठवायचं, हा पहिला नियम. माझं एका सकाळी काँक्रीटवर पडलं. मी इकडेतिकडे पाहिलं, चिंधीने पुसलं आणि पेटीत ठेवलं. सांगितलं असतं तर फोरमनची बोलणी खावी लागली असती. कारण तेवढंच. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

पडल्यामुळे गेजच्या कडेला बारीक कंगोरा उठला होता. चांगल्या भोकातही ते जाईना.

"होल लहान येतंय, थोडं वाढवा," मी लेथ चालवणाऱ्या टर्नरला म्हणालो.

टर्नर आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला, नगरकडचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. दर रविवारी उपासनेत आम्ही एका बाकावर बसायचो.

"मशीन हाललं न्हाई, राव. सकाळपासनं एकच सेटिंग हाय."

"गेज सांगतंय ना, दादा."

त्याने माझ्या शब्दावर वाढवलं. भोकं मापापेक्षा मोठी झाली आणि दोन दिवसांचा सगळा माल भंगारात गेला.

फोरमनसमोर तो म्हणाला, "ह्यांनीच वाढवायला सांगितलं." मी म्हणालो, "मी असं काही बोललो नाही." तोपर्यंत कंगोरा मी दगडावर घासून काढलेला होता. गेज तपासलं, बरोबर निघालं. त्याला आठ दिवस घरी बसवलं, आणि परत आल्यावर लेथ काढून घेऊन ढकलगाडीवर लोखंड वाहायला लावलं. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागात, त्याला खोटारडा म्हणू लागले.

बुधवारी संध्याकाळी चिंचवडला एका घरी आमची प्रार्थनासभा भरायची. आमचं बिनसलंय हे सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. "ज्या भावाने माझ्याविरुद्ध खोटं सांगितलं, त्याला मी प्रभूच्या नावाने क्षमा केली आहे." सगळे आमेन म्हणाले. तो दाराजवळच्या सतरंजीवर बसला होता. उठला, चपला घातल्या आणि गेला. कुणीतरी म्हणालं, "बघा, दिलेली क्षमासुद्धा सोसवत नाही." मी खाली बसलो. त्यानंतर नवरा-बायको दोघंही मंडळीत यायचे बंद झाले.

माझा मान मात्र वाढला. पाळकसाहेब समेटाच्या कामाला मला सोबत नेऊ लागले. पिंपळे गुरवला एका घरी दोन जावांचा अबोला होता. पाळकसाहेबांनी माझं उदाहरण दिलं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ मला विचारलं, "भाऊ, तुम्ही क्षमा केलीत, तो माणूस काय म्हणाला हो?"

"काही नाही."

"आता तुमच्या शेजारी बसतो उपासनेला?"

"येत नाही."

"अगं बाई! मग ही कसली क्षमा? माणूसच गेला की!"

चहा अर्धा टाकून मी उठलो. सायकल काढली ती थेट टर्नरच्या खोलीवर नेली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. पेडल मारत राहिलो.

तो अंगणात बाजेची दोरी आवळत होता. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: गेज पडलं, कंगोरा घासला, खोटं बोललो.

"ठावं हाय," दोरी न सोडता तो म्हणाला. "गेज बिघडल्याबिगर माझं होल लहान येत न्हाई."

आतून वहिनी बाहेर आल्या. "आता काय, अजून एकदा क्षमा करायला आलात?"

"मागायला आलोय, वहिनी. पण आज नाही मागत. आधी फोरमनला सांगतो, मग सभेत सांगतो. मग मागतो."

"येडा झालास का? मिटलेलं उकरून काढतोस?" दुसऱ्या दिवशी फोरमन ओरडला. मी कागदावर लिहून सही करून दिलं. माझी गेजची पेटी गेली आणि मला पॅकिंगला टाकलं. पंधरा दिवसांनी टर्नरला लेथ परत मिळाली. बुधवारी त्याच घरात मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. पण माझा निरोप गेला होता म्हणून तो आला होता. सभा सुटल्यावर बाहेर मी क्षमा मागितली.

तो म्हणाला, "केली. प्रभूनं सांगितलंय म्हणून केली. मनातनं आलेली न्हाई, खोटं कशाला बोलू? उद्या पुन्हा राग यील. उद्या पुन्हा करीन."

आणि त्याने खरंच तसं केलं. रोज सकाळी हजेरीचं कार्ड पंच करताना माझ्याकडे बघून म्हणायचा, "आजची केली." काही दिवशी दात आवळून म्हणायचा. एकदा तर कार्ड पंच करून पुढे गेला, पाच-सात पावलांवर थांबला, परत आला आणि म्हणून गेला. त्याचा चेहरा बघून मला कळायचं, आज त्याला जड गेलं. क्षमा म्हणजे चार माणसांत उभं राहून एकदा बोलायची गोष्ट, एवढंच मला तोवर माहीत होतं. हा माणूस ती ड्युटीसारखी करत होता, सुट्टी न घेता.

असं किती महिने चाललं कोण जाणे. एका सकाळी तो मुलीच्या शाळेच्या प्रवेशाबद्दल बोलत बोलत माझ्याबरोबर शॉपपर्यंत आला. दारात मी विचारलं, "दादा, आजची?"

"आजची काय?" तो क्षणभर बघत राहिला. मग डोक्याला हात लावून हसला. "राहिलीच की! जाऊ द्या राव, उद्या दोन दिसांची एकदम करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.