काकूच्या पऱ्ह्यांचा राखणदार

आमच्या गावात रात्रभर फुकट पहारा देणारा एकच माणूस होता, आणि तो मी. नेमणूक कोणी केली नव्हती. भंडारा जिल्ह्यात कोंढा गावाजवळ आमची धानाची शेती. माझ्या बांधीच्या, धानाच्या वाफ्याच्या, खालच्या अंगाला माझ्या विधवा काकूची बांधी. पावसाळा लागला की ती तिथे पऱ्हे टाकते, म्हणजे रोवणीआधीची धानाची रोपं. तिचं वर्षाचं खाणं त्या हिरव्या तुकड्यात. माझ्या बांधीत चिखलणीसाठी पाणी धरलेलं असतं, मधे मातीचा बांध, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात, आणि धुऱ्याला पाणी सोडायचं तोंड. संध्याकाळी ते तोंड मातीनं बुजवायचं, घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. एवढं काम गावातला कोणीही करतो. माझं गाडं 'बुजवलं का?' इथंच अडलं.

बुजवलं होतं. मला माहीत होतं, बुजवलं होतं. हाताला चिखल होता, फावड्याला चिखल होता. तरी अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यातला वकील उभा राहायचा. नक्की? आजच ना? की कालचं आठवतंय? तोंड सुटलं असेल, पाणी पऱ्ह्यांत घुसलं असेल, काकू उपाशी मरेल, आणि तेही तुझ्यामुळे! मग उठायचं, टॉर्च घ्यायचा, धुरा गाठायचा. तोंडावर टाचेनं अकरा वेळा दाबायचं. अकराच का, हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मोजताना चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. घरी येईस्तोवर वकिलाकडे नवीन मुद्दा तयार. अशा रात्रीतून चार-चार फेऱ्या, आणि झोप म्हणाल तर तासभर, तीही असली तर. उजाडलं की मला हायसं वाटायचं, कारण दिवसा जागं राहायला कोणी कारण विचारत नाही.

गावानं उपचारात कसूर केली नाही. एकानं डोक्याला तेल सांगितलं, एकानं खसखशीचं दूध. एकाचं म्हणणं मोबाइल बंद कर, दुसऱ्याचं म्हणणं मोबाइलवर भजन लाव. "टेन्शन नको घेऊ" हे औषध तर दारोदार मिळायचं. मी टेन्शन बाजारातून पिशवी भरून आणतो असा सगळ्यांचा समज असावा. ज्यांना उपचारात रस नव्हता त्यांनी तपास हाती घेतला. रात्री टॉर्च घेऊन जातो म्हणजे पाणी चोरून राहिला, असं अर्ध्या गावाचं मत पडलं. उरलेल्यांनी गुप्तधन काढलं. काही बाया माझ्या बायकोकडे पाहून हळहळायच्या. त्यांना माझ्यासोबत शेतात कोण दिसली होती, देव जाणे. मला वाटायचं, अरे बाप्पा, यातलं एखादं तरी खरं असतं तर किती बरं झालं असतं!

बायको मात्र हुशार. तिनं बुजवलेल्या तोंडाचा फोटो काढून माझ्या हातात दिला. "आता इथंच पाहा जी. उठाचं काम नाही." एक रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री प्रश्न पडला, हा फोटो आजचा की कालचा? तारीख पाहिली, आजची. मग वाटलं, फोटो काढल्यावर तोंड सुटलं असेल तर? फोटो मोठा करून करून पाहिला. चिखलात एक रेघ दिसली. भेग की सावली? झालं! चप्पल, टॉर्च, धुरा. महिनाभरात फोनमध्ये पोरीचे फोटो दोन आणि चिखलाचे इतके की फोननंच हात टेकले. एका रात्री बायको पाठ फिरवून रडत होती. मला ऐकू येत होतं, आणि मी मनातल्या मनात अकरा मोजत होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

मागच्या पावसाळ्यात सलग आठ दिवस झड लागली होती. धुरा भिजून मऊ पडलेला, त्यात माझी टाच. सातव्या का आठव्या दाबणीला पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि धुरा बसला. बांधीतलं सगळं पाणी माझ्या पायाजवळून काकूच्या पऱ्ह्यांवर गेलं. एकदा बुजवून निवांत झोपलेल्या सगळ्या गावाचे धुरे शाबूत होते. फुटला तो एकच, ज्याची रात्रभर निगा राखली जात होती.

सकाळी काकू आली तेव्हा अर्धे पऱ्हे वाहून गेले होते आणि मी चिखलात बसलो होतो.

"मीच फोडलो, काकू. पायानं."

"ते दिसून राहिलं. पण तू इथं करत काय होता?"

मी सगळं सांगितलं, अकरा दाबण्यांसकट. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तिनं पदर खोचत ऐकून घेतलं.

"माये पऱ्हे राखाले तुले कोनं सांगतलं होतं?"

तिनं दोन घरचे उरलेले पऱ्हे मागून आणले आणि रोवणी आटोपली. उपाशी वगैरे काही मेली नाही. मग ती आणि बायको मिळून मला एसटीत घालून भंडाऱ्याला घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी रोगाला इंग्रजी तीन अक्षरं दिली, ओसीडी, आणि गावात माझी पत वाढली. पाणीचोराचा एकदम पेशंट झालो. गोळ्यांनी हळूहळू तीन-चार तास झोप येऊ लागली. पण डॉक्टरांची एक अट भयंकर होती. मी 'तोंड बंद आहे ना?' विचारलं की घरच्यांनी 'आहे' म्हणायचं नाही. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं, कारण खात्री मिळाली की वकील नवीन मुद्दा शोधतो. बायकोला ते जमेना. माझा चेहरा पाहिला की तिच्याकडून "बंद हाये जी" निसटायचंच.

यंदा काकूनं पुन्हा पऱ्हे टाकले. पहिल्याच संध्याकाळी मी तोंड एकदा बुजवलं, घरी आलो, जेवलो, आणि जीव इतका कासावीस झाला की सरळ काकूच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ती अंथरूण टाकत होती.

"काकू, तोंड बंद असन ना?"

"मले नाही मालूम."

"तू आत्ताच तिकडून आली ना?"

"मी नाही पाहिलं."

"अन पऱ्हे वाहून गेले तर?"

"जातीन बी. चाल, जाय घरी."

असा संताप आला मला! अगं बाई, तुझे पऱ्हे, तुझं खाणं, मागच्या वर्षी डोळ्यांदेखत अर्धे गेले, आणि 'जातीन बी'? तिनं दार लोटलं, आतून कडी घातली. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं. पऱ्हे तिचे होते, आणि ती झोपली होती. मी बराच वेळ ते ऐकत उभा राहिलो, आणि मग शेताकडे न जाता घरी आलो.